नावांचे झाले शब्द

विशेषनाम आणि सामान्यनाम शिकवताना मराठीच्या तासाला एक गंमत हमखास निघते. कुंभकर्ण हे रावणाच्या भावाचे नाव, म्हणून विशेषनाम. पण पहिल्याच तासाला शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या मुलाला ‘उठा कुंभकर्ण’ म्हटले की तेच नाव सामान्यनाम होऊन बसते. कळ लावणारा तो नारद, कपटी सल्ला देणारा तो शकुनी. वरिष्ठांनी एखादा लहरी हुकूम काढला की शिक्षकांच्या खोलीत तो ‘तुघलकी’ ठरतो. यातले पहिले तिघे पुराणातले. तुघलक मात्र इतिहासातला, हाडामांसाचा माणूस. १३२५ ते १३५१ या काळात तो दिल्लीच्या गादीवर होता आणि आपल्या दौलताबादला त्याने राजधानी हलवली होती. जिवंत माणसाच्या नावाचा असा शब्द होतो तेव्हा त्या माणसाचे पुढे काय होते, आणि त्या शब्दाचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

विज्ञानात माणसांच्या नावाचे शब्द पुष्कळ आहेत. व्होल्टा, अँपिअर, ओहम यांची नावे १८८१ साली पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेत एककांना देण्यात आली. तिथे ठराव झाला, चर्चा झाली, मोजमाप ठरले. म्हणजे हा सन्मान झाला, जवळजवळ सरकारी. आपण ज्या शब्दांकडे वळणार आहोत त्यांच्यासाठी कोणतीही परिषद भरली नाही. ते बाजारात, तुरुंगाबाहेरच्या गर्दीत, लष्करी छावणीत आणि शाळेच्या वर्गात तयार झाले. इंग्रजीत अशा बोलीतल्या उनाड शब्दांना स्लँग म्हणतात. ज्याचे नाव घेतले त्याची परवानगी कोणी विचारली नाही, आणि बहुतेकांना ती दिल्याचा आनंदही झाला नसता.

सुरुवात अशा शब्दापासून करू, जो आज मराठी मुलांच्याही तोंडी आहे. मोबाइलवर चित्रफीत करणारी मुले-मुली ‘हॅलो गाईज’ म्हणून सुरुवात करतात. ‘गाय’ म्हणजे इसम, गडी, बाबा. अनेकवचनी ‘गाईज’ म्हणजे मंडळी. हा शब्द एका माणसाच्या पहिल्या नावावरून आलेला आहे, आणि तो माणूस राजद्रोहाच्या खटल्यात देहदंड झालेला आहे.

त्याचे नाव गाय फॉक्स. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १५७० साली त्याचा जन्म झाला. तो कॅथलिक पंथाचा होता. त्या काळी इंग्लंडचे राज्य प्रॉटेस्टंट होते आणि कॅथलिकांवर बरीच बंधने होती. फॉक्स तरुणपणी स्पेनच्या सैन्यात दाखल झाला, नेदरलँड्समध्ये लढला, आणि तिथे गाय ऐवजी ‘ग्विदो’ असे आपल्या नावाचे दक्षिणी रूप वापरू लागला. १६०३ साली जेम्स पहिला इंग्लंडच्या गादीवर आला. त्याच्याकडून कॅथलिकांच्या ज्या अपेक्षा होत्या त्या पुऱ्या झाल्या नाहीत, तेव्हा रॉबर्ट केट्सबी याच्या पुढाकाराने काही जणांनी कट रचला. पार्लमेंटच्या उद्घाटनाला राजा येईल त्या दिवशी सभागृहच उडवून द्यायचे. लॉर्डांच्या सभागृहाखालची तळघरासारखी खोली भाड्याने मिळाली. तिथे बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे नेऊन ठेवली आणि वर लाकूडफाटा रचला. दारूचे काम जाणणारा अनुभवी शिपाई म्हणून बत्ती देण्याचे काम फॉक्सकडे आले.

कट फुटला तो एका निनावी पत्रामुळे. ४ नोव्हेंबर १६०५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास झडती झाली आणि फॉक्स तिथेच सापडला. त्याने आपले नाव ‘जॉन जॉन्सन’ असे सांगितले! नाव लपवण्याचा प्रयत्न करणाऱ्याचेच नाव पुढे चारशे वर्षे जगभर घेतले जावे, हा मोठाच विनोद म्हणायचा. टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याचा छळ झाला, कबुलीजबाब घेतले गेले, आणि ३१ जानेवारी १६०६ रोजी त्याला देहदंड झाला.

खरा सूत्रधार केट्सबी होता, पण तो पकडला जाण्याआधीच चकमकीत मारला गेला. शब्द मात्र केट्सबीवरून झाला नाही. दारूच्या पिंपांजवळ सापडला तो फॉक्स, म्हणून लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र राहिले ते त्याचे. कटातून राजा वाचला म्हणून ५ नोव्हेंबर हा दिवस दरवर्षी पाळावा असा कायदाच पार्लमेंटने १६०६ साली केला. तो १८५९ पर्यंत अमलात होता. त्या रात्री होळ्या पेटवायच्या, दारू उडवायची आणि होळीत एक पुतळा जाळायचा. सुरुवातीच्या काळात हा पुतळा बऱ्याचदा पोपचा असे. पुढे तो गाय फॉक्सचा झाला. पोरे जुने कपडे जमवत, त्यांत पेंढा भरत, डोक्यावर फाटकी टोपी चढवत आणि हा ‘गाय’ गल्लीगल्लीतून फिरवून पैसे मागत. आपल्याकडे होळीच्या आधी पोरे लाकडे आणि वर्गणी मागत फिरतात तसेच म्हणा ना.

इथून पुढचा प्रवास तारखांनी दाखवता येतो. १८०६ मध्ये ‘गाय’ हा शब्द फॉक्सच्या पुतळ्यासाठी लिहिलेला सापडतो. १८३६ च्या सुमारास गबाळे, विचित्र कपडे घातलेल्या माणसाला ‘गाय’ म्हणू लागले, म्हणजे आपण ‘बुजगावणे’ म्हणतो तसे. मग शब्द अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेला. तिथे ५ नोव्हेंबरच्या पुतळ्याची प्रथा स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातच मागे पडली होती. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनने १७७५ साली आपल्या सैन्याला ती पाळू नये असे बजावले होते. पुतळा डोळ्यांसमोर नाही म्हटल्यावर शब्दातली चेष्टाही विरून गेली, आणि १८४७ मध्ये नुसत्या ‘इसम’ या अर्थाने ‘गाय’ अमेरिकेत नोंदलेला आहे. विसाव्या शतकात तर अनेकवचनी ‘गाईज’ मध्ये बायकाही आल्या. जाता जाता एक सावधगिरी: तंबूला ताण देणाऱ्या दोरीलाही इंग्रजीत ‘गाय’ म्हणतात, ती दोरी जुन्या फ्रेंचमधल्या ‘वाट दाखवणे’ या अर्थाच्या शब्दातून आली आहे. तिचा फॉक्सशी काही संबंध नाही. उच्चार एक म्हणून मूळ एक, असे समजायचे नसते.

इथे वाचक विचारतील की या तारखा येतात कुठून? प्रश्न अगदी योग्य आहे. त्यांचा मोठा आधार म्हणजे ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत त्याची कल्पना पुढे आली. कोशासाठी शेकडो स्वयंसेवक जुनी पुस्तके, पत्रे, वृत्तपत्रे वाचत. एखादा शब्द सापडला की ते वाक्य, पुस्तकाचे नाव आणि साल एका चिठ्ठीवर उतरवून पाठवत. जेम्स मरे हे संपादक या चिठ्ठ्या एका पत्र्याच्या खोलीत, लाकडी खणांत लावून ठेवत. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरे झाले १९२८ मध्ये. मरे तेव्हा हयात नव्हते. प्रत्येक शब्दाखाली त्याचा सर्वांत जुना सापडलेला लेखी वापर दिलेला असतो. निरीक्षण, नोंद, तारीख आणि पुरावा ही आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांना ओळखीची रीत आहे.

ही रीत एका प्रसिद्ध गोष्टीवर वापरून पाहू. लंडनला टॉमस क्रॅपर नावाचा नळकाम करणारा कारागीर होता. त्याचा जन्म १८३६ चा, मृत्यू १९१० चा. शौचकूपाच्या सामानाचा त्याचा कारखाना होता आणि टाक्यांवर त्याचे नाव ठळक अक्षरांत असे. इंग्रजीत शौचाला ‘क्रॅप’ असा ग्राम्य शब्द आहे. तेव्हा शौचकूप शोधून काढला क्रॅपरसाहेबांनी आणि शब्द आला त्यांच्या आडनावावरून, अशी गोष्ट मोठ्या चवीने सांगितली जाते. १९६९ मध्ये तिच्यावर एक विनोदी ढंगाचे पुस्तकही निघाले आणि गोष्ट आणखी पसरली.

आता तारीख पाहा. या अर्थाने ‘क्रॅप’ १८४६ मध्ये छापलेला आहे. तेव्हा टॉमस दहा वर्षांचा होता. शब्द त्याच्यावरून आलेला असणे शक्य नाही. तो जुन्या इंग्रजीतल्या कोंडा, फोलपट, टाकाऊ गाळ अशा अर्थाच्या शब्दाचा वंशज आहे. शोधाचे श्रेयही टॉमसचे नाही. पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे वर्णन सर जॉन हॅरिंग्टनने १५९६ सालीच छापले होते, आणि दुर्गंध अडवणाऱ्या वाकड्या नळीसह शौचकूपाचे एकस्व १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंगने घेतले होते. क्रॅपर हा चांगला कारागीर होता आणि त्याचे आडनाव त्याच्या धंद्याला विलक्षण शोभून दिसले, इतकेच.

या कसोटीचा एक गुण लक्षात घ्यावा. ती एकाच बाजूने निकाल देते. माणसाच्या जन्माआधी शब्द सापडला तर गोष्ट खोटी ठरली, तिथे अपील नाही. पण शब्द माणसानंतरचा निघाला म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. ती फक्त शक्य ठरते. बोललेला शब्द कागदावर येण्याआधी पुष्कळ वर्षे तोंडी फिरत असतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. म्हणून ‘गाय’ च्या बाबतीत आपण एका तारखेवर थांबलो नाही. पुतळा, मग गबाळा माणूस, मग कोणीही माणूस अशी साखळी जुळली, तेव्हाच मान्य केले.

आता शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा शब्द. मठ्ठ विद्यार्थ्याला इंग्रजीत ‘डन्स’ म्हणतात. पूर्वी इंग्लंड-अमेरिकेच्या शाळांत अशा मुलाला कागदाची शंकूसारखी टोपी घालून कोपऱ्यात उभे करत. तिचे नाव ‘डन्स कॅप’. डिकन्सच्या १८४० च्या सुमाराच्या एका कादंबरीत ती शाळेच्या सामानात ठेवलेली दिसते. हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो मध्ययुगीन युरोपातला एक अत्यंत कुशाग्र बुद्धीचा माणूस होता.

जॉन डन्स स्कॉटस हे त्याचे नाव. स्कॉटलंडमधल्या डन्स या गावचा, म्हणून डन्स. जन्म १२६६ च्या सुमाराचा. तो फ्रान्सिस्कन संन्यासी होता, ऑक्सफर्ड आणि पॅरिसला शिकवत असे, आणि १३०८ साली कोलोन शहरात वारला. म्हणजे पुरती पंचेचाळीस वर्षेही त्याला मिळाली नाहीत. त्याचे युक्तिवाद इतके बारीक असत की लोक त्याला ‘सूक्ष्म आचार्य’ म्हणत. एकच जातीच्या दोन वस्तूंपैकी ‘ही’ ही कशामुळे होते आणि ‘ती’ ती कशामुळे, या प्रश्नावर त्याने विचार केला. प्रत्येक वस्तूत तिचे म्हणून एक ‘हेपण’ असते, असे त्याचे म्हणणे. विशेषनामाचे मर्मच त्याने पकडले होते म्हणा. आणि नेमक्या त्याच्याच विशेषनामाचे सामान्यनाम व्हावे!

ते कसे झाले? त्याच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षे विद्यापीठांत त्याच्या अनुयायांचे वजन होते. सोळाव्या शतकात नवे विद्वान आले. त्यांना मूळ ग्रीक-लॅटिन साहित्य शिकवायचे होते. जुन्या पद्धतीचा शब्दच्छल त्यांना नकोसा झाला होता. डन्सच्या अनुयायांनी या नव्या विद्येला विरोध केला. मग ‘डन्समन’, ‘डन्स’ ही शिवी झाली. आधी तिचा अर्थ ‘केसाचे चार भाग करणारा’ असा होता, नंतर ‘नवे काही शिकायला तयार नसलेला’, आणि शतक संपता संपता सरळ ‘मठ्ठ’. १५३५ साली आठव्या हेन्रीचे अधिकारी ऑक्सफर्डची तपासणी करायला गेले. न्यू कॉलेजच्या चौकात डन्सच्या ग्रंथांची फाडलेली पाने वाऱ्यावर उडत होती, असे त्यांच्यापैकी एकाने समाधानाने लिहून कळवले आहे. पुस्तकांच्या पानांचा असा पाचोळा ज्याला समाधानाचा वाटला, त्याच्याविषयी आमचे मत फारसे चांगले नाही.

भांडण विद्वानांचे होते. शब्द मात्र जाऊन बसला तो शेवटच्या बाकावरच्या पोराच्या डोक्यावर, आणि तिथेच राहिला. डन्सला पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९३ मध्ये धर्मपरंपरेतले ‘धन्य’ हे पद दिले. टोपी घालून कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या मुलांना असे कोणी काही दिलेले नाही.

मराठीत आपण या जागी ‘ढ’ वापरतो. त्याची एक व्युत्पत्ती शिक्षकवर्गात लोकप्रिय आहे: ब्राह्मी लिपीतली बाकीची अक्षरे बदलत गेली, ‘ढ’ मात्र दोन हजार वर्षे होता तसाच राहिला, प्रगती शून्य, म्हणून मठ्ठ मुलगा ‘ढ’. अक्षराबद्दलची माहिती बरोबर आहे. अशोककालीन ब्राह्मीतला ढ पाहिला तर आजचाच वाटतो. पण ब्राह्मी वाचण्याची विद्या मधल्या शतकांत पार लोपली होती. जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली १८३७ मध्ये. म्हणजे ही व्युत्पत्ती खरी ठरायची तर हा शब्द १८३७ नंतर, आणि तोही लिपीशास्त्र जाणणाऱ्या पंडिताने काढलेला असायला हवा. वर्गातले चिडवण्याचे शब्द पंडित काढत नसतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची आहे. नववी-दहावीच्या मुलांना जुने कोश आणि जुनी छापील पुस्तके देऊन या अर्थाचा ‘ढ’ सर्वांत आधी कुठे सापडतो ते शोधायला लावावे. एका शनिवारचा उत्तम प्रकल्प होईल. आणि ज्याला आपण ‘ढ’ म्हणतो त्यालाच तो आधी सापडला, तर शब्दाचे काय करायचे हेही वर्गाला ठरवता येईल.

सगळेच शब्द असे अन्यायाने चिकटलेले नाहीत. काही नावांनी ते पुरेपूर कमावले आहेत. ‘बर्क करणे’ म्हणजे एखादी चौकशी किंवा प्रकरण गुपचूप दाबून टाकणे. यातला ‘दाबणे’ हा अर्थ मुळात अलंकारिक नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिंबरा हे वैद्यकीय शिक्षणाचे मोठे केंद्र होते. शरीररचना शिकायला शवविच्छेदन हवे, आणि कायद्याने विच्छेदनासाठी मिळत ती मुख्यतः फाशी गेलेल्या खुन्यांची शवे. विद्यार्थी शेकडो, शवे मोजकी. मागणी आणि पुरवठ्याचा हा फरक भरून काढला थडगी उकरणाऱ्या चोरांनी. नातेवाईक ताज्या थडग्यांवर रात्री पहारे ठेवू लागले, लोखंडी पिंजरे बसवू लागले. अशा वेळी, १८२७ च्या नोव्हेंबरात, विल्यम हेअर याच्या स्वस्त खानावळवजा घरात एक म्हातारा पेन्शनर भाडे थकवून नैसर्गिकपणे वारला. हेअर आणि त्याचा मित्र विल्यम बर्क यांनी ते शव डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेला साडेसात पौंडांना विकले. कोणी काही विचारले नाही. पुढच्या वर्षभरात त्या दोघांनी सोळा खून केले. बळी सगळे गरीब, वाटसरू, एकटेदुकटे. त्यांना दारू पाजायची आणि नाक-तोंड दाबून गुदमरवायचे, म्हणजे शरीरावर खूण उरत नाही आणि भाव चांगला येतो. जेमी नावाचा एक भोळसट मुलगा साऱ्या गावाला माहीत होता; त्याचे शव टेबलावर आले तेव्हा विद्यार्थ्यांनी ओळखले. तरीही काम चालूच राहिले.

१८२८ च्या ३१ ऑक्टोबरला शेवटचा खून झाला आणि शेजाऱ्यांना शव दिसले. हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी हजारोंच्या गर्दीसमोर फाशी झाली, आणि त्याचेही विच्छेदन झाले. त्याचा सांगाडा एडिंबरा विद्यापीठाच्या शरीररचना संग्रहालयात आहे. फाशीच्या जागीच गर्दी ‘बर्क’ हा शब्द क्रियापदासारखा ओरडत होती. हेअरच्या नावाचे क्रियापद झाले नाही, त्याचे एक कारण उघड आहे. ‘हेअर’ म्हणजे ससा, ती जागा आधीच भरलेली होती.

नॉक्सवर खटलाच झाला नाही. पुरवठ्याच्या प्रश्नावर पार्लमेंटने १८३२ मध्ये शरीररचना कायदा केला. त्यानुसार दरिद्रालयांत मेलेल्या बेवारस माणसांची शवे वैद्यकीय शाळांना मिळू लागली. शवांचा चोरटा धंदा बसला. पण ज्यांच्यातून बर्कने बळी निवडले, त्याच थरातल्या लोकांकडे कायद्यानेही बोट दाखवले. शरीररचनेचे पुस्तक शिकवताना हा इतिहास गाळला जातो, याला काय म्हणावे? बर्क करणेच की.

फाशीवरूनच आणखी एक शब्द निघाला आहे. १६०० च्या सुमारास लंडनच्या टायबर्न या वधस्थळी डेरिक नावाचा फाशी देणारा होता. आधी कुठल्याही फाशी देणाऱ्याला, मग फाशीच्या खांबालाच लोक ‘डेरिक’ म्हणू लागले. तसाच खांब आणि दोर लावून वजन उचलणारे यंत्र आले, तेही डेरिक. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबई हायमध्ये तेल शोधले तेव्हा तिच्या डेकवर जो उंच सांगाडा उभा होता त्याला अभियंते डेरिकच म्हणत होते. लंडनच्या पोलिसाला ‘बॉबी’ म्हणतात ते १८२९ मध्ये ते दल उभारणाऱ्या रॉबर्ट पीलवरून. रॉबर्टचे लाडके रूप बॉबी. आयर्लंडमध्ये त्याच्याच आडनावावरून ‘पीलर’ म्हणत, आणि त्यात लाड नव्हता.

भारतात इंग्रज शिपायांनी केलेला एक शब्द मात्र एका नव्हे, दोन नावांवरून आहे. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन, या हुसेन’ असा शोकाचा घोष होतो. इ. स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन शहीद झाले, त्यांचे आणि त्यांच्या बंधूंचे ते स्मरण. छावणीतल्या गोऱ्या शिपायांच्या कानांना तो घोष परका होता. त्यांच्या तोंडी बदलत बदलत तो ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाला, म्हणजे दोन अस्सल इंग्रजी आडनावे! कोणत्याही देशी सणाच्या गलबल्याला ते हा शब्द वापरू लागले. १८८६ साली हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा हिंदी-इंग्रजी शब्दांचा मोठा कोश निघाला, त्याला हेच नाव दिले. परका शब्द आपल्या ओळखीच्या शब्दांच्या साच्यात ओतला जाण्याच्या प्रक्रियेला भाषाशास्त्रात आजही ‘हॉब्सन-जॉब्सन नियम’ म्हणतात. ज्यांच्यासाठी तो घोष म्हणजे डोळ्यांतले पाणी होते, त्यांना या विनोदाविषयी कोणी विचारलेले दिसत नाही.

उलट दिशेनेही असे होते. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्याची कलमे बांधली जाऊ लागली. त्यांतल्या एका जातीला ‘आफोंसो’ हे पोर्तुगीज नाव मिळाले. त्याचा कोकणी-मराठी जिभेने ‘आफूस’ आणि ‘हापूस’ केला. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कशी हे नाव जोडतात. आपली तारखेची कसोटी लावली तर ते शक्य ठरते, आणि शक्य म्हणजे काय ते वर आलेच आहे.

शेवटी एक शब्द, जो आपल्या राजकारणात घरचाच होऊन गेला. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा निवृत्त सेनाधिकारी आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये पीक बेताचे होते. कुळांनी खंडात चौथाईची सूट मागितली; मालक दहा टक्क्यांच्या पुढे जाईना. त्याच सप्टेंबरात एनिस गावच्या सभेत चार्ल्स पार्नेल या पुढाऱ्याने विचारले, बेदखल केलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचे काय करावे? गर्दीतून उत्तर आले, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे. त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळातही कोणी बोलू नये.

काही दिवसांतच बॉयकॉटने कुळांना घराबाहेर काढण्याच्या नोटिसा पाठवल्या आणि तो मार्ग पहिल्यांदा त्याच्यावरच गाजला. शेतमजूर काम टाकून गेले. लोहार नाल ठोकेना, दुकानदार माल देईना, टपाल येईना. पीक शेतात उभे. अखेर उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक कापणीला आले, त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार शिपाई. पाचेकशे पौंडांचे पीक काढायला दहा हजार पौंड खर्च झाला, असा त्या वेळचा हिशेब आहे. १ डिसेंबरला बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

या नव्या हत्याराला नाव हवे होते. तिथले पाद्री जॉन ओमॅली आणि अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्यात त्यावर बोलणे झाले. वाळीत टाकण्याला इंग्रजीत ग्रीक मुळाचा एक भारदस्त शब्द होता, पण तो शेतकऱ्यांच्या जिभेला पेलणारा नव्हता. ओमॅलीने सुचवले: ‘बॉयकॉट करणे’ म्हणूया. महिन्या-दोन महिन्यांत तो लंडनच्या वृत्तपत्रांत आला, आणि मग फ्रेंच, जर्मन, डच भाषांतही.

पंचवीस वर्षांनी तो इथे पोचला. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये वंगभंगाविरुद्ध ब्रिटिश मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला. ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाबरोबर ‘बहिष्कार’ आला. पण हा मराठी शब्द कोरा नव्हता. जातीबाहेर टाकणे हा त्याचा जुना अर्थ गावोगाव जिवंत होता. आयर्लंडमध्ये दुबळ्यांनी बलवानाविरुद्ध उचललेले हत्यार इथे शतकानुशतके बलवानांच्या हाती होते. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये आपल्या संस्थेला ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ आणि १९२७ मध्ये पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ ही नावे दिली, ती या अर्थाने. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर ते सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव त्यांची मजुरी, वाणसामान आणि वाट बंद करते, हे त्या समितीने १९३० च्या अहवालात नोंदवले.

जातपंचायतींनी माणसे वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये कायदा केला. तो २०१७ च्या जुलैपासून अमलात आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याच्या मराठी नावात ‘सामाजिक बहिष्कार’ आहे, इंग्रजी नावात ‘सोशल बॉयकॉट’. १८८१ मध्ये अमेरिकेला गेला तेव्हा कॅप्टनने हे आडनाव टाळून ‘चार्ल्स कनिंगहॅम’ एवढेच लावले होते.